नेस्टेड इफ लावून बोनस काढला, त्याचा रिव्ह्यू (म्हणजे एक्सेलचाच)

मी पेरोल बघते. वर्षातून एकदा सगळ्यांचा बोनस काढायचा असतो आणि माझ्या आधी जे हे काम करायचे ते जाताना एक शीट माझ्या गळ्यात मारून गेले, म्हणाले काही करायचं नाही, नवीन स्कोअर टाकायचे आणि फॉर्म्युला खाली ओढायचा, बस. पहिल्या वर्षी मी तेच केलं. दुसऱ्या वर्षी पॉलिसीत एक स्लॅब वाढला आणि मी त्या सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये बघितलं तर अकरा इफ (अट खरी असेल तर एक उत्तर, नाहीतर दुसरं, असं देणारं फंक्शन) एकात एक घुसवलेले, म्हणजेच नेस्टेड, आणि शेवटी कंसांची नुसती रांग. हात लावला तर मोडणार, नाही लावला तर पगार चुकणार. तिथून पुढे जे शिकले ते सगळं इथं लिहितेय, कारण या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते एक तर परीक्षेच्या मार्कांवर असतं नाहीतर डोक्यावरून जाणारं.

रेटिंग आधीच सांगून टाकते. तीन लेव्हलपर्यंत नेस्टेड इफला पाचपैकी साडेचार. चौथ्या-पाचव्या लेव्हलनंतर दोन. अकरा लेव्हलला मायनसमध्ये देता येत नाही म्हणून एक.

(फॉर्म्युले इथं देवनागरीत लिहिलेत, वाचायला बरे पडतात. शीटमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजीत टाका.)

तर समजा बी कॉलममध्ये पगार, सी मध्ये अप्रेझलचा स्कोअर, डी मध्ये नोकरीची वर्षं. एक वर्ष पूर्ण नसेल तर बोनस नाही, ९० किंवा वर असेल तर पगाराच्या २०%, ७५ किंवा वर १२%, ६० किंवा वर ८%, त्याखाली काही नाही. फॉर्म्युला असा होतो:

=इफ(डी२<१,०,इफ(सी२>=९०,बी२*२०%,इफ(सी२>=७५,बी२*१२%,इफ(सी२>=६०,बी२*८%,०))))

मला सगळ्यांनी सांगितलं होतं की नेस्टेड फॉर्म्युला आतून बाहेर वाचायचा. मी तसा वाचत बसले आणि दोन दिवस काहीच कळलं नाही. कारण ते अर्धंच खरं आहे. राउंड, मिन, मॅक्स असले फंक्शन असतील तर आतून बाहेर, कारण आतलं उत्तर आल्याशिवाय बाहेरच्याला कामच नाही. पण इफची साखळी बाहेरून आत वाचायची. तो दारावर उभा राहून एक प्रश्न विचारतो, हो असेल तर तिथंच पैसे हातात देऊन परत पाठवतो, नाही असेल तरच आतल्या दारावर जाऊ देतो. म्हणून दुसऱ्या दारावर "७५ पेक्षा जास्त आणि ९० पेक्षा कमी" असं विचारायची गरजच नाही, ९० वाले पहिल्याच दारावरून परत गेलेले असतात. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा फॉर्म्युला कमी होतो. माझ्या वारशात आलेल्या शीटमध्ये प्रत्येक लेव्हलला अँड लावून दोन्ही टोकं तपासलेली होती, म्हणजे लिहिणाऱ्यालाच खात्री नव्हती.

आणि याच्याच पोटात सगळ्यात कॉमन चूक आहे. क्रम उलटा केला, आधी ६० तपासलं, तर ९५ वाला पण पहिल्याच दारावर हो म्हणतो आणि ८% घेऊन घरी जातो. एरर येत नाही. आकडा पण बरा दिसतो. त्याला स्वतःलाच कळलं तर कळलं.

अजून एक, हे मी स्वतः केलेलं. गणितात आपण ७५<=सी२<९० असं लिहितो ना, तसं मी एक्सेलमध्ये लिहिलं. त्याने निमूटपणे घेतलं, एरर नाही काही नाही, आणि त्या स्लॅबच्या एकालाही बोनस दिला नाही. का, तर तो आधी ७५<=सी२ सोडवतो, त्याचं उत्तर येतं ट्रू किंवा फॉल्स, मग तो विचारतो ट्रू हे ९० पेक्षा लहान आहे का. आणि एक्सेलच्या हिशोबात कुठलाही आकडा टेक्स्टपेक्षा लहान आणि टेक्स्ट हा ट्रू-फॉल्सपेक्षा लहान. म्हणजे उत्तर कायम फॉल्स. तिथं अँड(सी२>=७५,सी२<९०) असंच लिहावं लागतं.

हा जो आकडा-टेक्स्ट-ट्रूफॉल्स असा उतरंडीचा नियम आहे ना, तो नीट वाचा परत, कारण बोनसच्या शीटमध्ये तो फार महागात पडतो. आमच्याकडे एकजण बरेच महिने मोठ्या रजेवर होता, त्याचं अप्रेझलच झालं नव्हतं, म्हणून कुणीतरी स्कोअरच्या जागी "रजेवर" असं टाईप केलं. आता टेक्स्ट हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. "रजेवर" हे ९० पेक्षा मोठं. २०% बोनस! सगळ्यात वरचा! लिस्ट पुढे गेली पण होती, शेवटच्या क्षणी कुणाचं तरी लक्ष गेलं म्हणून वाचलो. यात एक्सेलचा दोष म्हणता येत नाही, तो नियमाप्रमाणेच वागला, चूक आमची की आम्ही आत काय येतंय ते तपासलंच नाही. दुसऱ्या सिस्टिममधून कॉपी केलेले आकडे पण असेच कधी कधी टेक्स्ट म्हणून येतात, दिसायला ५५ पण सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेला आणि कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण, तो पण ९० पेक्षा मोठाच ठरतो. तेव्हापासून माझ्या साखळीचं सगळ्यात पहिलं दार हे असतं, आत खरंच आकडा आहे का ते बघणारं: इफ(इझनंबर(सी२)=फॉल्स,"तपासा", आणि मग पुढचं सगळं. "तपासा" असं अक्षरात लिहून येतं. शून्य नाही येऊ द्यायचं. शून्य आलं की कुणी तपासत नाही.

रिकाम्या सेलचं याच्या उलट. रिकामा सेल म्हणजे तुलनेत शून्य. स्कोअर भरायचा राहिला की त्याला गुपचूप शून्य बोनस. वरचं इझनंबर हे पण पकडतं, त्यामुळे एका दारात दोन चोर.

आता दिसणं आणि असणं. आमच्या शीटमध्ये स्कोअरला दशांश दाखवायचे नाहीत असं फॉरमॅटिंग होतं. एकाचा स्कोअर पडद्यावर ९०, प्रिंटवर ९०, आणि बोनस १२%. तो चिडून आला, साहजिक आहे. सेलवर क्लिक केलं तर आत ८९.६. फॉरमॅटिंग नुसतं तोंडावर पावडर लावतं, आतला आकडा तोच राहतो आणि इफ आतलाच बघतो. ४०,००० पगारावर १२% म्हणजे ४,८०० आणि २०% म्हणजे ८,०००, म्हणजे ०.४ मार्कासाठी ३,२०० चा फरक. यात बरोबर काय हे एक्सेल सांगू शकत नाही, ते वरच्यांना विचारावं लागतं की बाबांनो स्कोअर आधी राउंड करायचा की नाही. करायचा असेल तर राउंड(सी२,०) असं तपासताना लिहायचं. पॉलिसीत तर "७५ ते ९०" आणि "९० ते १००" असं लिहिलेलं होतं, मग बरोब्बर ९० वाला कुठल्या घरचा? कागदावर हे कुणाला खटकत नाही, फॉर्म्युला लिहायला बसलं की > टाकू का >= टाकू इथं येऊन हात थांबतो. मला खरं तर एक्सेलचा हा गुण आवडतो.

कॅपची गंमत सांगते. पॉलिसीत होतं की बोनस जास्तीत जास्त ५०,०००. जास्तीत जास्त आहे म्हणून मी मॅक्स टाकला. सगळ्यांना किमान ५०,००० दिसायला लागले आणि ऑफिसात क्षणभर फार आनंदाचं वातावरण होतं. जास्तीत जास्तची मर्यादा घालायची तर मिन, दोन आकड्यांतला लहान घ्यायचा म्हणून. आणि "किमान इतके तरी" द्यायचे असतील तर मॅक्स. हे उलटं वाटतं पण दोनदा विचार केला की पटतं. त्यातही किमानवाला मॅक्स सगळ्यात बाहेर लावलात तर जो पात्रच नाही त्याला पण किमान रक्कम मिळते, म्हणून तो पात्रतेच्या इफच्या आत हवा.

सेल्सवाल्यांचा इन्सेन्टिव्ह ही वेगळीच कटकट. त्यांचा स्लॅब वर जातो तसा फक्त वरच्या भागावर वाढीव दर लागतो. पहिल्या १,००,००० च्या विक्रीवर २%, पुढच्या १,००,००० वर ३%, त्यावर ५%. नेस्टेड इफने असं:

=इफ(ई२<=१०००००,ई२*२%,इफ(ई२<=२०००००,२०००+(ई२-१०००००)*३%,५०००+(ई२-२०००००)*५%))

विक्री २,५०,००० असेल तर ५,००० अधिक वरच्या ५०,००० चे २,५००, एकूण ७,५००. जुन्या शीटमध्ये सरळ ई२*५% होतं, म्हणजे १२,५००. कोणतं खरं ते परत पॉलिसीच ठरवणार, पण दोन्हीत फरक आहे हेच आधी कुणाच्या लक्षात नव्हतं. शिवाय ते २००० आणि ५००० कुठून आले हे सहा महिन्यांनी मलाच आठवणार नाही, आणि एक दर बदलला की हे दोन्ही हाताने बदलावे लागतात, एक विसरला की संपलं. याला एक फार सुंदर पर्याय मला सापडला ज्यात इफच नाही:

=ई२*२%+मॅक्स(०,ई२-१०००००)*१%+मॅक्स(०,ई२-२०००००)*२%

सगळ्या रकमेवर २%, एक लाखाच्या वरच्यावर अजून १%, दोन लाखाच्या वरच्यावर अजून २%. तेच ७,५०० येतं, करून बघा. मॅक्स(०,...) एवढंच करतो की वर काही उरलं नसेल तर उणे जाऊ देत नाही. हे बघितल्यावर मी खुर्चीत मागे टेकून एक मिनिट नुसती बसले होते.

आता समजून घ्यायला एक्सेलमध्ये जे काही मिळतं त्याबद्दल. फॉर्म्युला बारमध्ये ऑल्ट आणि एंटर दाबलं की फॉर्म्युल्यात नवीन ओळ होते आणि गणिताला काही फरक पडत नाही. प्रत्येक इफ नवीन ओळीवर घ्या, बार खाली ओढून मोठा करा, तोच भयानक फॉर्म्युला पॉलिसीच्या कागदासारखा वाचता येतो. इतकी वर्षं हे मला कुणी का नाही सांगितलं. कंसांना रंग येतात, जोडी जुळवायला बरे आहेत पण अकरा लेव्हलला रंग कुणाला ओळखू येतात. कंस कमी पडला तर एक्सेल विचारतो मी दुरुस्त करू का, तेव्हा डोळे झाकून हो म्हणू नका, तो कंस बहुतेक शेवटी लावून टाकतो आणि तुम्हाला तो मध्ये हवा असतो.

फॉर्म्युलाज टॅबमध्ये इव्हॅल्युएट फॉर्म्युला म्हणून बटण आहे, ते मात्र पूर्ण मार्क. एकेक पायरी सोडवून दाखवतं, पुढे जे सोडवणार त्याच्याखाली रेघ मारतं. ज्याला बोनस कमी आला त्याला शेजारी बसवून हे दाखवायचं, भांडण तिथंच मिटतं. दुसरं म्हणजे फॉर्म्युल्यातला तुकडा सिलेक्ट करून एफ९ दाबलं की तेवढ्याचं उत्तर तिथंच दिसतं. पण हे दाबल्यावर एस्केपने बाहेर या! एंटर मारलं तर तो तुकडा जाऊन त्या जागी आकडा कायमचा बसतो. मी एकदा बसवलाय. एकाचा स्कोअर सगळ्यांना लागला होता.

इफएरर (एरर आली तर तिच्या जागी आपण सांगू ते दाखवतं) याबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. २००७ च्या एक्सेलपासून हे फंक्शन आहे आणि लोक सगळ्या फॉर्म्युल्यावर इफएरर(...,०) असं पांघरूण घालतात. शीट छान दिसते. पण ज्याच्या रोमध्ये खरंच गडबड आहे त्याला शून्य रुपया आणि कुणाला पत्ता नाही. बोनसच्या शीटमध्ये एरर दिसलीच पाहिजे, लाल करून दिसली पाहिजे.

लेव्हलची मर्यादा म्हणाल तर जुन्या २००३ च्या एक्सेलमध्ये सातच इफ एकात एक घालता यायचे, २००७ पासून ६४ घालता येतात. घालता येतात म्हणून घालायचे नसतात. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतीच्या पानावरच लिहिलंय की ६४ शक्य असले तरी हे अजिबात सुचवत नाही. इफ्स नावाचं नवीन फंक्शन एक्सेल २०१९ मध्ये आणि सबस्क्रिप्शनवाल्यांना त्याआधीच आलं, त्यात कंसांची रांग नसते, अट आणि उत्तर, अट आणि उत्तर असं सरळ लिहीत जायचं. वाचायला खरंच सोपं. फक्त त्याला "नाहीतर" नसतं, शेवटची अट म्हणून ट्रू लिहून ठेवावं लागतं, नाहीतर कुठंच न बसणाऱ्याला एरर. पण मूळ दुखणं इफ्सने जात नाही, आकडे फॉर्म्युल्याच्या पोटातच राहतात. पॉलिसी बदलली की परत पोट फाडा.

शेवटी मी स्लॅब बाहेर काढले. शेजारी एक छोटा टेबल, जी कॉलममध्ये ०, ६०, ७५, ९० आणि एच मध्ये ०%, ८%, १२%, २०%. आणि मग

=बी२*व्हीलुकअप(सी२,$जी$२:$एच$५,२,ट्रू)

अकरा इफ गेले. व्हीलुकअप स्कोअर टेबलात शोधतो आणि त्याच्या शेजारचा दर आणून देतो. ट्रू म्हणजे अंदाजे जुळणी, स्कोअरच्या खालचा सगळ्यात जवळचा स्लॅब पकड, ७८ ला ७५ ची ओळ. यासाठी टेबल चढत्या क्रमाने हवाच, उलटा असेल तर उत्तर काहीही येतं. डॉलर विसरू नका, एफ४ दाबलं की लागतात, नाहीतर खाली ओढताना टेबल पण खाली घसरत जातो आणि पहिले दोन-तीन बरोबर आणि खाली सगळीकडे एरर असा प्रकार होतो. आणि फायदा म्हणजे इथं "रजेवर" टाकलं तर २०% नाही, सरळ एरर. नवीन स्लॅब आला तर टेबलात एक ओळ मध्ये घुसवायची, ते काम माझ्या मॅनेजरला पण जमतं. ते इंग्रजीतल्या अकरा इफकडे बघून पळायचे, टेबल मात्र बघून लगेच म्हणाले हा ६० चा ६५ करा.

एक्सलुकअप (व्हीलुकअपचाच नवीन अवतार) ज्यांच्याकडे आहे त्यांनी तेच वापरा, शेवटी -१ दिलं की तीच खालची जुळणी होते आणि टेबलाच्या क्रमाची पण काळजी राहत नाही. ते एक्सेल २०२१ मध्ये आणि ३६५ मध्ये (म्हणजे सबस्क्रिप्शनवाल्यात) आहे. पण फाईल दुसऱ्याला पाठवणार असाल आणि त्याच्याकडे जुनं एक्सेल असेल तर त्याच्या बाजूला फॉर्म्युला चालणार नाही, म्हणून ऑफिससाठी मी अजून व्हीलुकअपवरच आहे. लेट नावाचं फंक्शन पण चांगलं आहे, फॉर्म्युल्यातल्या तुकड्यांना नावं देता येतात, दर असं म्हटलं की कळतं. पण मी सांगू का, साधे हेल्पर कॉलम केले तरी तेच होतं. एका कॉलममध्ये पात्र आहे का, पुढच्यात दर, पुढच्यात रक्कम, पुढच्यात कॅप लावून राउंड केलेली रक्कम. शीट रुंद होते, होऊ दे. राउंड पण रोमध्येच करा, नुसतं फॉरमॅटिंगने दशांश लपवलेत तर खालची बेरीज आणि कॅलक्युलेटरवर केलेली बेरीज एक-दोनने चुकते आणि मग ऑडिटवाले तेवढंच धरून बसतात.

गूगल शीट्सवर पण करून बघितलं. इफ, इफ्स, व्हीलुकअप सगळं तसंच चालतं, एक्सलुकअप आणि लेट पण आहेत आता. इव्हॅल्युएट फॉर्म्युलासारखं बटण मात्र नाही, त्याची फार आठवण आली. उलट एखाद्या सेलमध्ये कुणी काय बदललं हे राईट क्लिकवर दिसतं, ते भांडणाच्या वेळी सोन्यासारखं आहे. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे आणि या कामाला पुरतं, एक्सलुकअप त्यात २४.८ आवृत्तीपासून आलंय.

चॅटबॉटला पण तो अकरा लेव्हलचा फॉर्म्युला देऊन बघितला होता. समजावून छान सांगितला, ओळ न ओळ. पण तो फॉर्म्युला पॉलिसीप्रमाणे आहे का हे त्याला कुठून कळणार, पॉलिसी तर ईमेलच्या ढिगात होती.

सध्या मी असं करते, नवीन शीट झाली की खाली खोट्या रो टाकते, स्कोअर ५९.९९, ६०, ७४.९९, ७५, ८९.९९, ९०, एक रिकामा, एक "रजेवर". उत्तरं आधी हाताने कागदावर काढते आणि मग जुळवते. दहा मिनिटं लागतात. जुना फॉर्म्युला पण एका बाजूच्या कॉलममध्ये ठेवलाय आणि पुढे दोघांची वजाबाकी, शून्य नसेल तिथं रंग.

आता नवीन फर्मान आलंय की वर्ष पूर्ण नसलेल्यांना पण महिन्यांच्या हिशोबाने द्यायचा, म्हणजे डी२<१ चं दार तोडायचं आणि जॉइनिंग डेटवरून पूर्ण महिने मोजायचे. त्यासाठी डेटडिफ आहे म्हणे. मी अर्धा तास शोधत होते, फंक्शनच्या यादीत नाव येईना, टाईप करताना पण सुचवत नाही, म्हटलं माझ्या एक्सेलमध्ये नसेलच. मग कुणीतरी सांगितलं की ते सुचवत नाही पण पूर्ण टाईप केलं की चालतं.